माळाला खत घातलं तेव्हा

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारासाठी वांग्याची रोपं जीपमध्ये भरत होते. "बरं" म्हणाले आणि उरलेले ट्रे भरले. दीड महिना झाला, अजून रडू आलेलं नाही. आतून सगळं बधिर आहे, एवढंच सांगता येईल.

मावशी शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्तीनंतर वडगाव रासाईत शेताच्या वरच्या अंगाचा मुरमाड माळाचा तुकडा तिनं कुणाला नांगरू दिला नाही. चहूकडे ऊस असताना हे नसतं खूळ. पण तिथं माकडशिंगं होती, बोटाएवढी, बिनपानांची रानझुडपं. दुष्काळात मेंढरांमागं फिरताना तिच्या आजोबांनी ती कच्ची खाल्लेली. मातीतच काही नाही म्हटल्यावर या झाडांनी हजारो पिढ्यांत हावच सोडली, असं ती सांगायची. पानं टाकली, पाणी खोडात साठवलं, वाढ मंद केली... मी पडले दौंडची नर्सरीवाली. 'उपाशी झाडांची मास्तरीण' म्हणून मी तिला चिडवायचे.

मागच्या वर्षी ती पुण्याला दवाखान्यात होती. तिला खूश करायचं म्हणून मी त्या तुकड्यावर ट्रॉलीभर शेणखत पसरलं, ठिबक सोडलं. ती परत आली तेव्हा गाजरगवत कमरेला लागत होतं आणि त्याखाली माकडशिंगं कुजून काळी पडली होती. मावशी बांधावर बसली. म्हणाली, "तुला उपाशी दिसलं की वाढायचं, एवढंच ठाऊक हाय. पन ती उपाशी न्हवती गं." मला तिच्या तोंडाकडे बघवेना. दुसऱ्या दिवसापासून ती खताचा थर खुरप्यानं खरवडून पाटीनं खाली उसात टाकायला लागली. शेवटपर्यंत जमेल तेवढं तिनं केलं.

हल्ली आमच्याकडे रक्षा नदीत सोडत नाहीत, खड्ड्यात घालून वर झाड लावतात. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलानं, दादानं, माळावर आंब्यासाठी खड्डा आखला. इथं नको, मी म्हणाले.

"माझ्या आईला तिच्याच माळावर जागा न्हाई व्हय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "माळाला ती बी खतच हाय, दादा," मी म्हणाले.

आंबा खाली उसाच्या कडेला लावला. दादा तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. रविवारी मी दौंडहून जाते, उरलेलं खत खरवडते. पाटी भरली की तो येतो, उचलतो आणि उसात रिकामी करून आणतो.