वनिताच्या सात बाटल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं एका डब्यातली भाजी खाल्ली त्या शिक्षकमित्रांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. तेवढंच धैर्य आहे माझ्यात.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. नवेगाव बांधच्या तलावापलीकडे एक सातवीपर्यंतची शाळा आहे, तिथं अकरा वर्षं विज्ञान शिकवलं. शिकवलं म्हणजे — धडा वाचून दाखवला, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून दिली. माझं स्वतःचं विज्ञान दहावीलाच संपलं होतं, पुढं बीए केलं ते मराठी घेऊन. पण शाळेत आम्ही तिघंच, त्यात मी वयानं लहान, म्हणून विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सरकारला दोष देऊन मोकळा होऊ का? तेही जमत नाही. त्या वर्षांत सरकारनं विज्ञानाचं चांगलंच मनावर घेतलं होतं. शाळेला प्रयोगाची पेटी आली — भिंगं, चुंबक, परीक्षानळ्या, थर्मामीटर. तालुक्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण लागलं. ‘मुलांना प्रश्न विचारू द्या’ असं मोठ्या अक्षरांत छापलेली पुस्तिका हातात पडली. प्रशिक्षण आलं नेमकं भाताच्या रोवणीच्या दिवसांत. मी पहिल्या दिवशी गेलो, दहाही दिवसांच्या सह्या एकदम ठोकल्या आणि केशोरीला घरच्या धानाच्या बांधीत जाऊन उतरलो. आमच्यातले निम्मे तेच करायचे. पेटी कपाटात गेली ती गेलीच. काही फुटलं तर जबाब कोण देणार?

पण हे सांगायला मी बसलो नाही. याला आमच्याकडं कुणी गुन्हा म्हणतही नाही. मी उगाच गोल गोल फिरतोय — येतो मुद्द्यावर.

वनिता सातवीत होती. बाप ढिवर, तलावात जाळं टाकायचा. मुलगी अबोल, पण नजर अशी की आपण फळ्यावर चुकलो की आधी तिच्याकडंच बघावं लागे. एकदा तिच्या आईनं खोकल्यासाठी हिरड्याचा काढा केला, तो हातपंपाच्या पाण्यात केला तर काळाकुट्ट झाला. विहिरीच्या पाण्यात केला तर पिवळसरच राहिला. दुसरी कुणी काढा ओतून दिला असता. ही पोर गावातल्या सातही हातपंपांवर गेली, सात बाटल्या भरल्या, प्रत्येकीत चिमूटभर हिरड्याची पूड टाकली आणि माझ्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवल्या. फिकटापासून काळ्यापर्यंत. सगळ्यात काळी बाटली आमच्या शाळेच्या पंपाची होती. ज्या पाण्यावर पोरांची खिचडी शिजायची, ते पाणी.

“सर, पानी कारं काऊन होऊन राह्यलं?”

मला माहीत नव्हतं. अगदी साधी गोष्ट आहे — मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, “छान. बघू आपण.”

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं. शाळेनं प्रकल्पांचे फॉर्म वर पाठवायचे, मंजूर झालेले तालुक्याला मांडायचे, तिथं नंबर लागला की गोंदियाला जिल्ह्याचं. वनिताच्या बापाला हे कसं कळलं कोण जाणे. एका सकाळी तो ओल्या धोतरानंच शाळेत आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, पोरगी हुशार हाये म्हनते लोकं. मले काय समजते? तालुक्याले नंबर लागला त अर्जुनीच्या हॉस्टेलात धाडतो जी. नाई त घरीच बरी.”

सातवीनंतर आमच्या गावात शाळा नव्हती, आणि तलावापलीकडं नवेगाव बांधला पोरीला रोज एकटी धाडायला कुणी तयार नसे. तिचं पुढचं शिक्षण त्या एका नंबरावर येऊन टेकलं होतं, आणि हे माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं आता कुठल्या तोंडानं म्हणू?

प्रदर्शनात परीक्षक मुलांना विचारतात, तसं मार्गदर्शक शिक्षकालाही विचारतात. असं का होतं, गुरुजी? मी ते चित्र दहादा डोळ्यांसमोर आणलं. टेबलावर सात बाटल्या, भोवती तालुक्यातले सगळे मास्तर, आणि मी — तोंडात मूग. नवेगाव बांधच्या हायस्कूलला विज्ञानाचे जाणते सर होते. सायकलीनं अर्ध्या तासाचा रस्ता. जाऊन विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं, की पाण्यात लोह असलं की हिरड्यानं ते काळं पडतं. पण मग कळलं असतं ना, की या शाळेच्या विज्ञानाच्या मास्तरला विज्ञान येत नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी गोंदियाला गेलो. तिथं एका दुकानात तयार प्रकल्प मिळायचे. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, ज्वालामुखी ले जाओ, सवाल-जवाब साथ में छपा है.” छापील उत्तरं! मला तर तेच हवं होतं. ज्वालामुखी आणला, वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीकडून त्या ओळी घोकून घेतल्या, तिच्या नावाचा फॉर्म पाठवला.

आणि वनिताला सांगितलं, “मी दोघींचेही फॉर्म पाठवले होते. वरून तुझा नामंजूर झाला.”

पाठवला नव्हता. तिचा फॉर्म मी भरलाच नाही. तो कोरा कागद माझ्या टेबलाच्या खणात पडून होता, आणि हे बोलताना माझा हात त्याच खणावर होता.

ती रडली नाही. एवढंच विचारलं, “त्यायनं बाटल्या पाह्यल्या का?” मी हो म्हणालो, तालुक्याला नेऊन दाखवल्या म्हणालो. हे का म्हणालो? ‘नाही’ म्हटलं असतं तर निदान तिला वाटलं असतं की न बघताच टाकलं. मी तेही ठेवलं नाही तिच्याजवळ. संध्याकाळी तिनं सगळ्या बाटल्या शाळेमागं ओतल्या, विसळल्या आणि घरी नेल्या.

ज्वालामुखीला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला. माझा सत्कार झाला. पुढं मला प्रशिक्षणात तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बोलावू लागले आणि मी शंभर शंभर मास्तरांपुढं उभा राहून सांगू लागलो — मुलांना प्रश्न विचारू द्या. शाळेच्या पंपाचं पाणी कुणी तपासलं नाही. वनिता जून महिन्यात कुठंच गेली नाही. दोन-तीन वर्षांनी लग्न झाल्याचं ऐकलं.

ती मला एकदाच भेटली, पुष्कळ वर्षांनी, नवेगाव बांधच्या आठवडी बाजारात. मासे विकायला बसली होती. मीच ओळख न दाखवता पुढं सरकत होतो, तिनं हाक मारली. शेजारच्या बाईला कौतुकानं म्हणाली, “हे माये सर. यायनं मायं नाव वरतं पाठवलं होतं. वरच्यायनंच नाई घेतलं, सर काय करतीन?”

आता सांगायचं होतं. बाजार होता, गर्दी होती, पण ती समोर होती आणि वेळ होता. मला लाज वाटली. पण मी काय केलं? मी मान हलवली. म्हणालो, “हो, तेव्हा तसंच झालं.”

तिनं निवडून चार मोठे मासे माझ्या पिशवीत टाकले. पैसे घ्यायला तयारच होईना. म्हणाली, तुमी त केलं होतं जी आमच्यासाटी.

मी ते घरी आणले. बायकोनं रस्सा केला, आणि मी जेवलो.