सरळ कापलेला परकोट

कवडूभाऊ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते. भिंतीला भिंत लागून माझं घर आहे, तेव्हा सांगायचा हक्क मला आहे. अख्ख्या पवनीत त्यांच्या मागावर उतरणारा साडीचा काठ दुसऱ्या कोणाला जमत नसे. रेघ ओढल्यासारखा सरळ. वाकडं दिसलं की या माणसाच्या पोटात दुखायचं. जेवायला बसताना पाटसुद्धा दोनदा सरकवणार!

घरामागे जुना परकोट. म्हणायला किल्ल्याची तटबंदी, बघायला मातीचा उंच उतार, आणि वर मालनबाईचं एकखणी घर. पोरीचं, रुचिकाचं, लग्न ठरलं आणि मांडवाला जागा कमी पडायला लागली. कवडूभाऊंनी कुदळ घेतली, ओळंबा लावला आणि तो उतार कापून भिंतीसारखा उभा केला. येईल त्याला हौसेनं दाखवायचे, बघा, कुठं वाकडं दिसते का.

मालनबाई वरून म्हणाली, "बापू, मातीले निजूच दे. तिले उभी नको करू."

म्हातारीले काय समजते, म्हणून कवडूभाऊ हसले.

लग्न झकास झालं. मालनबाई मांडवात पोटभर जेवली, रुचिकाला पातळ दिलं.

पुढे पोळ्याच्या सुमारास पाऊस लागून राहिला आणि तो सरळ काप धाडकन खाली बसला. मालनबाईची चूल, मागची भिंत, सगळं कवडूभाऊंच्या अंगणात. ती माझ्याकडे आली होती म्हणून वाचली. लोक म्हणाले, जुनी माती, कधीतरी पडणारच होती. मालनबाईसुद्धा तेच म्हणाली. अन् कवडूभाऊ शरमेनं मेल्याहून मेले. कोणी तोंडावर दोन शिव्या दिल्या असत्या तर सुटले असते बिचारे. माग बंद ठेवून टोपली टोपली माती वर वाहायचे, पुन्हा उतार घालायला. पण उकरलेली माती ती, थांबते कुठं?

मालनबाई तोवर माझ्याकडेच राहिली. शेवटी आसगावहून लेक न्यायला आली. रस्ता कवडूभाऊंच्या अंगणातूनच. हे टोपली धरून खाली मान घालून उभे. मालनबाई त्यांच्यापाशी थांबली. टोमणा नव्हता हो, तिला खरंच विचारायचं होतं.

"रुचिकाच्या लग्नात जागा पुरली होती ना, बापू?"

कवडूभाऊंना हो म्हणावं लागलं.