उल्हास नदीतून परत आलेले गळ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी उल्हासनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. काचेवर दिसतं तेवढंच रिपोर्टमध्ये जातं. गावात एखादीच्या अंगात यायला लागलं की सगळे हात जोडतात, मी आधी विचारते की बाईनं सकाळपासून काही खाल्लंय का. त्यामुळे अशा ठिकाणी मला फारसं कुणी बोलावत नाही... बरंच आहे ते.

पण हे माझ्याच हातात घडलं. भर सकाळी, लख्ख उन्हात, शेजारी माणूस उभा असताना. म्हणून लिहितेय.

आमचं घर सोनिवलीचं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आई आणि माझा धाकटा भाऊ दर्शन. मी अंबरनाथ पूर्वेला राहते. दर्शनला एकच वेड – लूअर फिशिंग. म्हणजे रॉड, रील आणि दोरीच्या टोकाला लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा खोटा मासा. गांडूळ नाही, पीठ नाही. तो खोटा मासा पाण्यातून असा नाचवत आणायचा की मरळीनं चिडून झडप घातलीच पाहिजे. आणि एवढं करून पकडलेली मरळ फोटो काढून परत पाण्यात! आम्ही आगरी लोक. आमच्या घरात हातात आलेला मासा सोडणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. आई कपाळावर हात मारायची. "धरतंस न परत सोरतंस? येरा हायेस काय रं?"

वेडा म्हटलं तरी तो नुसता हसायचा. नवीन गळ पाकिटातून काढला की त्याचं पहिलं काम ठरलेलं – कमरेची पक्कड काढून गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करायचा. तो काटा असतो म्हणून मासा अडकून राहतो. सपाट केला की जखम न होता सुटतो. अर्धे मासे हातचे जातात की रे, असं मी म्हटलं की उत्तर तयार – "जाऊ दे ना ताई, त्याला पण चान्स पाहिजे."

गेल्या पावसाळ्यात जवळच्याच मांजर्लीच्या बाजूला उल्हास नदीचा पूर ओसरत होता, तेव्हा तो रॉड घेऊन गेला. त्याचा मित्र हरीश सोबत होता. हरीश उल्हासनगरचा सिंधी, दोघं एकाच कंपनीत कामाला. दर्शनचा खोटा मासा पाण्यात आडव्या पडलेल्या झाडात अडकला. अशा वेळी दोरी कापून मोकळं व्हायचं असतं. पण म्हशीच्या पायात जाईल, पोहणाऱ्या कुणाच्या अंगाला लागेल, म्हणून दर्शन गळ कधी नदीत सोडायचा नाही. पाणी गुडघाभर दिसत होतं. हरीशच्या हातात रॉड देऊन तो उतरला. हरीश सांगतो, दर्शन झाडापाशी वाकला, कमरेची पक्कड काढली... आणि मग दिसलाच नाही.

बोटी आल्या, पाणबुडे आले, खाली पार कल्याणच्या खाडीपर्यंत शोधलं. नाही मिळाला.

देह नाही म्हणून आई रडली नाही, विधी करू देईना, भिंतीवर फोटो लावू देईना. काकांनी भटजींना विचारलं. देह नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात म्हणाले. आई उसळली. "गवताला आग लावू न बोलू माझा पोर गेला? मेलाय तं दाखव मना." आणि 'दाखव' म्हणताना बघत होती माझ्याकडे.

म्हणून मी त्याचा रॉड उचलला. पाणी उतरल्यावर दर रविवारी सकाळी हरीशला घेऊन मांजर्लीला जायला लागले. दोरीला खोटा मासा नाही, जड शिसं आणि मोठे तीन तोंडांचे गळ. उलट्या काट्यांसकट, कारण मला काही सोडायचं नव्हतं. फेकायचं, तळाला बसू द्यायचं आणि ओढत आणायचं. स्पष्टच लिहिते – मी माझ्या भावाचं प्रेत शोधत होते. शर्टाची चिंधी, एखादं हाड, काहीही. फिरायला आलेली माणसं थांबून कौतुकानं विचारायची, "काय मॅडम, लागलं का काही?" मी म्हणायचे, नाही अजून.

हे घडलं त्या रविवारी गळ नवेकोरे होते. पाकीट हरीशनं माझ्यासमोर फोडलं, मीच बांधले. घाटावर बायका कपडे धूत होत्या. फेकून ओढताना दोरी ताठ झाली. अडकलं म्हणावं तर जरा पुढे सरकलं. मासा म्हणावा तर झटका नाही. जड, सावकाश येत होतं... मग थांबलं. मी हाक मारली. हरीशनं येऊन रॉड धरला. दोरी थोडी सैल, थोडी ताठ, परत सैल, अशी होत राहिली. टोकाला कुणी हातात धरून काहीतरी बारीक काम करत असावं तशी. हरीशचा चेहरा पांढरा पडला होता, त्यालाही ते कळत होतं.

आणि दोरी सुटली. गुंडाळली तर गळ स्वच्छ. गाळ नाही, शेवाळ नाही. टोकं जशीच्या तशी तीक्ष्ण. आणि उलटे काटे... सगळे दाबून सपाट केलेले.

"दीदी, पत्थर में घिस गया होगा," हरीश म्हणाला. "जाऊ दे, घरी चल." त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. परत यायच्या रिक्षात बसल्यावर तो तोंड फिरवून रडला.

मी ते गळ लॅबमध्ये नेले. मायक्रोस्कोपखाली ठेवले, वरून मोबाइलचा टॉर्च मारला. दगडाचे ओरखडे असते तर आडवेतिडवे असते. तिथे बारीक, सारख्या अंतराच्या रेघा होत्या – पकडीच्या दातांच्या. प्रत्येक काट्यावर, दोन्ही बाजूंनी. मी किती वेळ बघत बसले मला माहीत नाही. माझ्यापुरता मला अर्थ लागला. सोड म्हणतोय. ओढू नको, सोड.

काकांनी मागे लागून लागून आईला एव्हाना पुतळ्याच्या विधीला कसंबसं तयार केलं होतं. दिवसही ठरला होता. मला वाटलं, हे पाहिलं की तिलाही सोपं जाईल. मी गळ तिच्या तळहातावर ठेवले आणि झालं ते सगळं सांगितलं. तिनं काट्यांवरून अंगठा फिरवला. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर तरतरी आली.

"हात चालतान त्याचं," ती म्हणाली. "हात चालतान तं पोर जिता हाय. येल तो."

मी खूप समजावलं. ओरडले, पाया पडले. विधी मोडला. काका माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. आई आता रोज सकाळी रिक्षा करून मांजर्लीला जाते आणि काठावर बसते. एकदा मी रॉड घेऊन गेले तर तिनं तो हातातून काढून घेतला. "गल टाकू नको," म्हणाली, "लागल त्याला."

यामागे काय होतं, मला आजही माहीत नाही. हरीशला माहीत नाही. नदीच्या तळाशी लोखंडाचं भंगार असेल, त्यात गळ चेपले असतील, असं लॅबमधल्या सरांचं म्हणणं. सगळेच काटे, आणि टोकं शाबूत? यावर ते पुढच्या स्लाइडकडे वळले. तुमच्यापैकी कुणाला खरं कारण ठाऊक असेल, तर कृपा करून मला कळवू नका. कळलं तर मला परत आईसमोर बसून सांगावं लागेल की दर्शन मेलाय.