खोली लावणारी

मंदाताई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. एरवी शेजारणीचं पोर आजारी पडलं तर रात्रंदिवस उशाशी बसणारी बाई. पण माणसाचा एखादा कोपरा असा असतो, की तिथे दुसऱ्याचं पाऊल पडलेलं त्याला खपत नाही. मंदाताईंचा तो कोपरा म्हणजे झोपायची खोली. स्वतःची नव्हे, दुसऱ्यांच्या सुनांची.

त्या जन्मल्या कलकत्त्यात आणि वाढल्याही तिथेच. वडील खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते. मालक सोडवून नेत नाहीत त्या मालाचा तिथे लिलाव व्हायचा. अशाच एका लिलावातला बर्मा सागवानाचा पलंग वडिलांनी मंदाकिनीला लग्नात दिला. बागबाजारच्या दोन खोल्यांत तो आणला तेव्हा दाराची चौकट सोडवावी लागली आणि घरमालक आठ दिवस बोलला नाही. त्याला आता तीस वर्षं झाली होती, आणि पलंग असा लखलखत होता की लिलावात घेतलाय म्हटलं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

लखलखणारच. मंदाताई तो रोज कोरड्या मलमलीने पुसायच्या. ओलं फडकं लाकडाला लावणारी बाई त्यांच्या मते संसाराला नालायक. पंधरवड्यातून एकदा जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. भिंतीपासून चार बोटं अंतर, म्हणजे ओल लागत नाही. पावसात कपाटाचे खण फुगून अडकतात, म्हणून वैशाखातच त्यांच्या कडांना मेणबत्ती घासून ठेवायची. कपड्यांत काळ्या जिऱ्याची पुरचुंडी, ही शेजारच्या बंगाली वहिनींची शिकवण. नवरा श्रीधरराव शाळामास्तर. ते म्हणायचे, "माझ्यापेक्षा या पलंगाची तब्येत जास्त जपतेस."

"तो उलटून बोलत नाही," मंदाताई म्हणायच्या.

मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख जेवढं करायचं तेवढं करून झालं, आणि मग त्यांच्या आयुष्यात दुसरंच काहीतरी आलं. कलकत्त्यातली मराठी घरं मोजकी. कुणाकडे लग्न निघालं की सुनेची खोली लावायला मंदाताईंना बोलावणं यायचं. जुनी लाकडं त्या पुन्हा नवी करायच्या, पांढरी शुभ्र चादर, तिला हाताने विणलेली लेस, आरशापुढे क्रोशाचा रुमाल, पितळी फुलदाणीत रजनीगंधाच्या चार काड्या. आणि या मंडळींत एक रीत पडून गेली होती: जिने खोली लावली, तिनेच त्या खोलीच्या उंबऱ्यावर सुनेची पहिली ओटी भरायची. एरवी पोटी मूल नसलेल्या बाईच्या हाती ओटीचं ताट द्यायला नाक मुरडणाऱ्या सासवा काही कमी नव्हत्या. पण खोलीच्या उंबऱ्यावर त्यांचं काही चालत नसे. अशा अकरा सुनांच्या ओट्या मंदाताईंनी भरल्या होत्या. संक्रांतीला त्या अकरा जणी बागबाजारला येऊन वाकून नमस्कार करायच्या, आणि त्या दिवशी मंदाताईंचं घर लेकीसुनांनी भरलेलं असायचं.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या चैत्रात श्यामला आली.

बँकेतल्या साहेबांची बायको, पुण्याहून बदलीवर आलेली, वय बत्तीस. अलीपूरच्या क्वार्टरमध्ये तिने चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ बरी होती, पन्हं जरा आंबट. मंदाताई हे मनात नोंदवत होत्या, एवढ्यात आतून बायकांचे चीत्कार ऐकू आले. गौर बिचारी बाहेर एकटी बसली होती आणि सगळ्या जणी श्यामलाच्या झोपायच्या खोलीत.

मंदाताईही गेल्या. जाऊन बघतात तो काय, जमिनीवर अंथरायची मादुरची चटई भिंतीवर टांगलेली! मासे धरायची वेताची टोपली उलटी करून दिव्यावर घातलेली! पलंगावर बाटिकची गर्द तपकिरी चादर, तिच्यावर रंगीबेरंगी उशा पसरलेल्या, आणि खिडकीत बांकुड्याचे दोन मातीचे घोडे मान ताठ करून उभे.

"चटई भिंतीवर," मंदाताई म्हणाल्या, "मग आता झोपायचं कुठे, छतावर?"

दोघीतिघी हसल्या. श्यामलासुद्धा हसली, आणि तेच मंदाताईंना जास्त झोंबलं. कारण खरी गोष्ट अशी होती की खोली सुंदर दिसत होती. टोपलीतून भिंतीवर उजेडाची जाळी पडली होती, आणि त्या उजेडात मातीचे घोडेसुद्धा देखणे वाटत होते. आपल्याला हे तीस वर्षांत सुचलं नाही, हा विचार मंदाताईंच्या पोटात घुसला तो ट्राममध्ये, घरी, जेवताना, कुठेच बाहेर निघेना. घरी आल्यावर त्यांनी स्वतःचा पलंग पुसला. चकाकत होता, पण एखाद्या म्हाताऱ्याने भांग पाडून बसावं तसा वाटला.

नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या. पण वैशाखात सुचित्रा आली. सुचित्रा म्हणजे त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या विजयचं लग्न ज्येष्ठात ठरलं होतं. मुलगी वैशाली, सियालदहच्या रेल्वे क्वार्टर्समधली. विजयला तर मंदाताईंनी मांडीवर खेळवलेला. त्याच्या बायकोची ओटी म्हणजे बारावी नव्हे, पहिलीच, असं त्या श्रीधररावांना कितीदा म्हणाल्या होत्या.

सुचित्राने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "मंदा, खोलीचं म्हणत होते. या वेळी श्यामलाला लावू दे. विजयला तसलंच हवंय. तू तरी किती वर्षं राबायचंस?"

"मी कुठे तक्रार केली?"

"तसं नाही गं. आराम कर जरा."

आराम कर! मंदाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंडाने त्या "बरं" म्हणाल्या. सुचित्रा गेल्यावर त्यांनी कप इतक्या जोरात घासला की कान तुटला. ओटीचं नाव सुचित्राने काढलंच नाही. काढायची गरजही नव्हती. रीत सगळ्यांना ठाऊक होती.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा पाऊस लागला होता. अशा एका दुपारी दारात श्यामला उभी, साडीचे काठ चिखलाने भरलेले.

"मंदाताई, अडले म्हणून आले. विजयचा पलंग सुचित्राताईंच्या सासऱ्यांच्या वेळचा आहे, अगदी काळवंडलाय. पॉलिशला मिस्त्री बोलावला तर तो म्हणतो, हवा ओली आहे, चार दिवस उघडीप होऊ दे. आता चार दिवस थांबले तर बाकीचं कधी करू? आमच्या पुण्यात कुणी असं म्हटलेलं ऐकलं नाही. सबब सांगतोय का हो? तुम्ही इथल्या. तुम्ही सांगाल तसं करते."

मिस्त्री अक्षर न अक्षर खरं बोलत होता. लाखेचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ओल्या हवेत ते लावलं की वाळता वाळता ओल धरतं आणि लाकडावर पांढरट साय येते. पुण्याच्या कोरड्या हवेत हे कुणाला माहीत असणार? मंदाताईंना मात्र तीस वर्षांपासून माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी स्वतःच्या आरशाची चौकट अशीच पांढरीफटक करून ठेवली होती आणि मग नाना उपायांनी निस्तरली होती.

श्यामला वाट बघत होती. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. मंदाताईंनी तिला पुसायला पंचा दिला, आणि म्हणाल्या, "मिस्त्री लोकांचं काय सांगावं? त्यांना सबबी हव्याच असतात."

एवढंच. "कर" म्हणाल्या नाहीत, "करू नको" म्हणाल्या नाहीत. श्यामलाचा चेहरा खुलला. तिने वाकून नमस्कार केला आणि पावसात निघून गेली. मंदाताईंनी मनाशी म्हटलं, मी कुठे खोटं बोलले? मिस्त्री सबबी सांगतातच. हे त्यांनी त्या दिवशी पाच-सहा वेळा तरी म्हटलं असेल, आणि खरं बोलणाऱ्या माणसाला एवढ्या वेळा म्हणावं लागत नाही.

लग्नाच्या तीन दिवस आधी सुचित्रा टॅक्सी करून आली. "मंदा, चल. पलंगाला कोड फुटलंय."

मंदाताईंना आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चेहरा शक्य तेवढा गंभीर करून त्यांनी टर्पेंटाइन, स्पिरिटची बाटली, मलमल आणि कापूस पिशवीत भरला. भवानीपूरला सुचित्राचं घर येईपर्यंत ती बोलत होती आणि त्या 'अरेरे' म्हणत होत्या.

पलंग खरोखर बघवत नव्हता. डोक्याकडच्या फळीवर दुधाळ ढग पसरले होते, दांड्यांना बोट लावलं तर चिकटत होतं. बाकीची खोली मात्र तयार होती: मादुर, टोपलीचा दिवा, कांथा टाक्याने भरलेली चादर घडी घालून खुर्चीवर ठेवलेली. त्या सगळ्याच्या मधोमध तो पांढरा पडलेला पलंग, आणि शेजारी रडून डोळे सुजलेली श्यामला.

"मंदाला आधी विचारायचंस की!" सुचित्रा तिच्यावर उखडली. "ही एवढी जाणती बाई गावात असताना? तिने हो म्हटलं असतं का कधी?"

श्यामलाने त्यांच्याकडे पाहिलं. सरळ, क्षणभरच. तिला सगळं समजलं होतं, हे त्या नजरेत स्पष्ट होतं.

"चुकलंच माझं," श्यामला म्हणाली. "विचारायला हवं होतं."

सुचित्रा पाहुण्यांचं बघायला गेली. मंदाताईंनी खिडकी एक बोट उघडी ठेवली, कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवायला लावली, हवा तापून कोरडी होईपर्यंत पलंगाला हात लावू दिला नाही. मग शेगडी बाहेर न्यायला लावून, कापसाचा बोळा मलमलीत बांधून त्याला स्पिरिटचा नुसता वास लावला, आणि हलक्या हाताने, कुठेही न थांबता, फळीवरून फिरवला. साय विरली आणि खालचं लाल लाकूड वर आलं. श्यामला आता बोलेल, मग बोलेल, म्हणून त्या कान टवकारून होत्या. तिने भांडावं असंच त्यांना वाटत होतं. भांडली असती तर चार शब्द सुनावता आले असते.

"बोळा थांबवला तर डाग पडतो का?" श्यामलाने विचारलं. "मला शिकवाल? एक दांडी मी करते."

आणि तिने केली, घाम पुसत, खाली मान घालून. मंदाताईंना त्या दिवशी जी आग लागली तिच्यापुढे चैत्रातली आग काहीच नव्हती. चटई भिंतीवर लावायची अक्कल तिला असू दे. पण हे मन? हेही तिच्याचकडे असावं?

लग्न झालं. संध्याकाळी वैशाली माप ओलांडून घरात आली, देवाला नमस्कार झाला आणि बायका तिला खोलीकडे घेऊन निघाल्या. सगळ्यांदेखत सुचित्राने ओटीचं ताट मंदाताईंच्या हातात दिलं. "खोली वाचवली ती हिने. ओटी हीच भरणार." कुणी हरकत घेतली नाही. श्यामला मागे भिंतीला टेकून उभी होती, आणि हसून मान डोलवत होती. मनापासून.

वैशालीने पदर पसरला. अकरा वेळा मंदाताईंनी हे केलं होतं, डोळे झाकूनही जमलं असतं. पण त्यांना भिंतीजवळचं ते हसू दिसत होतं. घरात, दारात, खोलीत, आणि आता चांगुलपणातही हिने वरचढ असावं, आणि आपण तिने टाकलेल्या भाकरीवर मान मिळवावा! हे काही पश्चात्तापाचं बोलणं नव्हतं, हे मंदाताईंना स्वतःलाच कळत होतं. हा हेवाच होता. पण तोंड उघडलं ते त्यानेच.

"सुचित्रा," त्या म्हणाल्या, "तिने मला विचारलं होतं. घरी आली होती पावसात. पॉलिश पांढरं पडणार हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

सुचित्रा मैत्रिणीकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या ओळखीत तिने मंदाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग तिने हात पुढे केला, आणि मंदाताईंनी ताट तिच्या हातात परत दिलं. ताट हलकं नव्हतं, तरी हात रिकामे झाल्यावरच जड वाटले.

सुचित्राने ताट श्यामलाला दिलं. श्यामला "नको, नको" म्हणत होती, पण मागून कुणीतरी तिला पुढे ढकललं. तांदूळ थोडे उंबऱ्यावर सांडले. खण ठेवला. नारळ उचलला आणि गडबडीत उलटाच धरला.

कदाचित कुणाच्या लक्षात आलं नसेल. मंदाताईंच्या आलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं.

"शेंडी तिच्याकडे कर," त्या म्हणाल्या.

श्यामलाने नारळ फिरवला आणि वैशालीच्या पदरात घातला.