अळणी चातुर्मास

माझी धाकटी जाऊ लठ्ठ होती. ती रिक्षात बसली की बाकीच्यांनी दुसरी रिक्षा बघायची. लग्न होऊन आली तेव्हा काडी होती. मग डोकं बिघडलं. कधी आठवडाभर झोपायची नाही, मळ्यातला झेंडू कळीतच ओरबाडायची; कधी महिनाभर पांघरुणातून उठायची नाही. डॉक्टरांनी लिथियमची गोळी लावली. डोकं ठिकाणावर आलं, अंग सुटलं.

मळा दिंडोरीच्या रस्त्याला. रोज सकाळी मी तिला बांधानं चालवायची. मायेनं नाही. ती बसून राहिली की तिच्या वाटची फुलं मला तोडावी लागत.

"अक्का, थांबा ना, धाप लागली."

"म्हशीलाही लागते. ती कुरकुर करत नाही."

"म्हशीला तुमच्यासारखी जाऊ नाय."

डॉक्टर म्हणाले होते, लठ्ठपणानं मेंदूसुद्धा लवकर झिजतो. चालणं आणि ही गोळी मेंदूला राखत असतील, असं वाटतंय. पण अजून उंदरांवरच प्रयोग करून बघतायत, खात्री नाही.

"एवढा मोठा उंदीर त्यांना मिळायचा कुठं?" जाऊ म्हणाली. डॉक्टरही हसले.

तिचा मुलगा आणि सून गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतात. सुनेच्या भावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं. एका रविवारी सून मळ्यात आली आणि सासूला म्हणाली, "आई, फोटोत मावायला हवं ना तुम्ही. या चातुर्मासात मीठच सोडा. मिठानं अंगात पाणी धरतं. पुण्यही लागेल, वजनही उतरेल."

आमच्याकडे बायका चातुर्मासात काहीतरी सोडतातच. मी वांगं सोडते, मला ते आवडत नाही. जाऊनं मीठ सोडलं. अळणी भाकरी, अळणी भाजी, अळणी वरण. गोळी चालूच होती.

वजन उतरलं. सून येईल तेव्हा फोटो काढायची. नवरात्रात झेंडूची तोड आली, ऊन कडक, जाऊ घामानं निथळायची. एका दुपारी हार ओवताना तिचे हात इतके थरथरायला लागले की सुईत दोरा जाईना. जीभ जड झाली. उठली तर दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खायला लागली.

मी म्हणाले, "नाटकं पुरे. हार कोण ओवणार?"

सुनेला फोन केला, तर ती म्हणाली, "जुनं वेड परत आलं असेल. झोपू द्या."

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा दवाखान्यात नेलं. सूनही तिथं आली. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बदल केला?"

सून कौतुकानं म्हणाली, "मीठ बंद केलंय, सर."

त्यांनी कपाळाला हात लावला. मीठ तुटलं, घाम गेला, की ही गोळी अंगात साठते आणि विष होते. हे, आणि म्हणून रक्त तपासत राहायचं, हे त्यांनी सुरुवातीलाच माझ्या दिराला सांगितलं होतं. दीर मेला, ते त्याच्याबरोबर गेलं.

"देवासाठी होतं हो," सून म्हणाली.

"मग देवाकडून रक्त तपासून घ्यायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

जाऊ वाचली. पण झोकांड्या गेल्या नाहीत, जीभ सुटली नाही. आता ती भिंत धरून चालते आणि एक वाक्य बोलायला तिला घटकाभर लागते. डॉक्टरांनी तिला वार, महिना, नातवंडांची नावं, वजाबाकी विचारली. हळूहळू, पण सगळं बरोबर सांगितलं. समज शाबूत आहे, म्हणाले. चालण्यानं राखली की गोळीनं, की नशिबानं, ते त्यांनाही सांगता येईना.

लग्नाच्या सकाळी सून आहेराच्या साड्या न्यायला मळ्यात आली. जाऊ नवी साडी नेसून खाटेवर बसली होती. मीच नेसवली होती. सून तिच्यासमोर उभी राहून फोनवर कोणाला तरी सांगत होती, "नाही, आईंना नाही आणत. त्यांना आता काही कळत नाही हो. चारचौघांत उगाच तमाशा."

जाऊनं तोंड उघडलं. ओठ हलले, मान हलली, गळ्याच्या शिरा ताणल्या. पहिला शब्द बाहेर पडला तेव्हा गाडी फाटकाबाहेर गेली होती.