शालूबाईंचं पितळी ताट

शालूबाई माझ्या पुतण्याच्या, नानासोच्या कारखान्यात धुलाईवर होत्या. धुवायचे ते ऑक्सिजनचे व्हॉल्व्ह. त्याची ती शेड कुपवाडला होती. यजमान गेल्यावर मी तिथे इंग्रजी पत्रं लिहायला जाऊ लागले. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी तेवढ्यापुरतं कामाला आलं.

१९९४ साली दक्षिणेतल्या एका संस्थेने आमच्याकडे चोवीस व्हॉल्व्ह मागितले. वैमानिकांना आणि पुढेमागे अंतराळात जाणाऱ्या माणसांना विरळ हवेचा सराव देण्यासाठी तिथे एक लोखंडी कोठी बांधत होते. माणूस आत बसणार, कोठीतली हवा उपसणार आणि त्याचा श्वास आमच्या व्हॉल्व्हमधून येणार. सोबतच्या सूचना मी मराठीत उतरवून शालूबाईंना वाचून दाखवल्या. ऑक्सिजनला तेल चालत नाही; थेंबभर राहिलं तरी दाबाखाली पेट घेतं.

"म्हंजी आत बसलेला मानूस जळंल?"

"हो."

शालूबाई चौथी शिकलेल्या, बुधगावच्या. त्या दिवसापासून डोक्याला तेल लावून आलेल्याला त्यांच्या खोलीत पाऊल ठेवता येईना.

माल खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तयार झाला. पूजेला यंत्रं, हत्यारं मांडली, तेव्हा शालूबाईंनी त्यातला एक व्हॉल्व्ह पितळी ताटात ठेवला. त्यातून श्वास घेणाऱ्या माणसाला देवानं सुखरूप ठेवावं, एवढीच इच्छा. पूजा झाल्यावर त्यांनी तो उचलला, पुसला आणि बाकीच्यांत ठेवून दिला. चोवीस व्हॉल्व्ह खोक्यात गेले. ट्रक सोमवारी निघणार होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"माई, त्या व्हॉल्व्हला टिळा लागला हुता. कुंकू तेलात कालवल्यालं. वरनं पुसलं मी, पर आट्यांच्या खाचा कुनी बघितल्या?"

"त्याच वेळी का नाही बोललात?"

"गुंडाचं काय झालं, बघितलं न्हवं तुमी?"

गुंडा आमचा टर्नर. आदल्या वर्षी त्याने आपणहून सांगितलं की एक छिद्र तिरपं गेलंय. नानासोने त्याला उभ्या उभ्या घरी पाठवलं. तेव्हापासून शेडमध्ये कुणाच्याच हातून चूक होत नव्हती, म्हणजे कुणी सांगत नव्हतं. शालूबाईंची मुलगी शिवांजली विश्रामबागेत कॉलेजला होती. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

"मी सांगू का नानासोला?" मी विचारलं.

"नगं. माझं मी बोलते."

त्या सगळ्यांसमोर बोलल्या. नानासोचा चेहरा लाल झाला. "एवढं शिकवूनही तेल? कुणी लावला तो टिळा?"

"तुमीच, मालक. ताटात मी ठेवला, टिळा तुमी लावला."

कुणाला तरी खोकला आला. नानासो खुर्चीवर बसला.

"कोणता व्हॉल्व्ह?"

"सारकंच दिसत्यात. समदे उघडाय पायजेत."

उशीर झाला तर काम दुसऱ्या कारखान्याला जाईल, हे तो जाणून होता. त्याने संस्थेत फोन लावला. यंत्र बिघडलं म्हणून सांगता आलं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टिळ्यासकट सगळं सांगून टाकलं. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "आठ दिवस घ्या. आणि हे सांगणाऱ्या बाईंचं नाव पत्रात कळवा."

आम्ही रविवारी सगळे खोलले. निळ्या दिव्याखाली तेल चमकतं. अठरा स्वच्छ निघाले. एकोणिसाव्याच्या आट्यात एक पिवळसर रेघ चमकली आणि तिच्यात कुंकवाचा कण होता. शालूबाई म्हणाल्या, "घावला गड्या," आणि पदराने डोळे टिपले. राहिलेले पाचही खोलून मगच त्या उठल्या.

त्या आठवड्यात नानासो तासगावला गेला आणि बेदाण्याच्या शेडवर लागलेल्या गुंडाला परत घेऊन आला. ते पितळी ताट शालूबाईंनी धुलाईच्या दाराशी टांगायला लावलं. चूक दिसली की ताट वाजवायचं, काम थांबवायचं. वाजवणाऱ्याला कुणी बोलायचं नाही, चूक त्याची स्वतःची असली तरी.

महिनाभर ताट गप्प होतं. मग गुंडाने स्वतःच्याच चुकीवर वाजवलं. सगळे नानासोकडे बघू लागले. तो म्हणाला, "बरं केलंस." पहिल्या वर्षी ते अकरा वेळा वाजलं, माझ्या डायरीत अकराही तारखा आहेत.

१९९६ मध्ये ते अधिकारी स्वतः आले. कोठीचा सराव सुरू झाला होता आणि पहिल्या खेपेला चाळीस हजार फुटांच्या विरळ हवेत ते स्वतःच बसले होते. आता त्यांना शंभर व्हॉल्व्ह हवे होते. नानासो आनंदाने त्यांना धुलाईची खोली दाखवायला निघाला आणि बोलता बोलता त्याने उंबरा ओलांडला.

ताट असं घणघणलं की लेथवरचे लोकही थांबले.

"मालक, हातात काय हाय?"

नानासोने हाताकडे पाहिलं. पाहुण्यांसाठी आणलेलं भडंग होतं, बोटं तेलाने चकाकत होती.

"भायेर व्हा आधी. साबनानं हात धुवा."

नानासो मुकाट्याने बाहेर झाला. अधिकारी हसले आणि आपले बूट काढून दाराबाहेरूनच शालूबाईंना म्हणाले, "मी आत येऊ का?"

"हात दावा," शालूबाई म्हणाल्या.