अमावास्येचा भाव

अकरा वाजून सात मिनिटांपासून अकरा एकेचाळीसपर्यंत. पस्तीस मिनिटं, पस्तीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत तोच भाव. मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बोट ठेवून ओळी दोनदा मोजल्या. फोन कानालाच होता. पलीकडे माझा मेव्हणा अंगद बोलत होता, पाथरीहून.

"दाजी, तुमचा मेसेज आत्ता आला की. भाव तर कवाच खाली गेलता. मी घाबरून इकून टाकलं सगळं. बरं केलं ना?"

"थांब, बघतो," मी म्हणालो.

बघायचं काही राहिलं नव्हतं. भावाशेजारच्या रकान्यात उलाढाल असते, म्हणजे त्या मिनिटात किती सौदे झाले ते. त्या पस्तीस ओळींत तिथे शून्य होतं. सगळा बाजार पडत असताना कोणीच काही विकलं नाही, असं माझा तक्ता सांगत होता.

थोडं मागचं सांगतो. मी सेलूत राहतो. वय बावन्न. एका कापूस व्यापाऱ्याच्या ऑफिसात चौदा वर्षं भाव नोंदवायचं काम केलं. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. त्या कामाच्या निमित्तानेच प्रोग्रामिंग शिकलो आणि आता घराच्या मागच्या खोलीत बसून बाहेरची कामं घेतो. या कामाला डेटा पाइपलाइन म्हणतात. एका ठिकाणची माहिती ठरलेल्या वेळी उचलायची, तपासायची आणि दुसऱ्या ठिकाणी नीट लावून ठेवायची. विहिरीपासून टाकीपर्यंत पाइप टाकतात, तसंच.

हे काम पुण्याच्या केतन नावाच्या तरुणाच्या कंपनीचं होतं. क्रिप्टो म्हणजे फक्त कॉम्प्युटरवर असलेली नाणी. त्यांचा बाजार रात्रंदिवस चालू असतो, त्याला एक्स्चेंज म्हणतात. एक्स्चेंजला एपीआय नावाची एक खिडकी असते. तिथे माणसाने नाही, प्रोग्रामने विचारायचं, आणि उत्तरही प्रोग्रामलाच मिळतं. माझा प्रोग्राम दर मिनिटाला त्या खिडकीवर जाऊन बारा नाण्यांचे भाव विचारायचा आणि डेटाबेसमध्ये, म्हणजे एका मोठ्या तक्त्यात, लिहायचा. त्या तक्त्यावर केतनची अलर्टची सेवा चालायची. ग्राहकाने भावाची एक पातळी सांगून ठेवायची. भाव तिच्याखाली गेला की त्याच्या फोनवर मेसेज.

कामात कटकटी होत्या. एक्स्चेंजचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागचं, ते जुळवायचं. भाव आकड्यात न येता मजकूर म्हणून यायचे, ते दशांशाचं एक घरही न गमावता आकड्यात आणायचे. वारंवार विचारलं तर खिडकी बंद व्हायची, म्हणून मिनिटात किती वेळा विचारलं त्याचा हिशोब ठेवायचा. हे सगळं मी निगुतीने केलं. इन्व्हर्टर घेतला, इंटरनेटच्या दोन लाइनी घेतल्या. अकरा आठवडे झाले तेव्हा केतनचा फोन आला.

"काका, अकरा आठवड्यांत एक गॅप नाही! एका मिनिटाचीसुद्धा नाही. कसं जमवलंत?"

मी म्हणालो, सवय आहे. आणि ते खरंच होतं. चूक त्या सवयीतच होती.

कापसाच्या ऑफिसातला भावतक्ता रोज संध्याकाळी हेड ऑफिसला जायचा. त्यात रिकामा रकाना चालत नसे. अमावास्येला मोंढा, म्हणजे कापसाचा बाजार, बंद. लिलाव नाही, तर भाव कुठला लिहिणार? मला पहिल्याच महिन्यात मुनीमजींनी शिकवलं होतं, "कालचाच भाव टाकायचा. कागद रिकामा दिसला की सायेब चिडतेत." चौदा वर्षांत अशा किती अमावास्या मी भरल्या. कोणाचं काही बिघडलं नाही. त्या दिवशी भाव विचारायला कोणी येतच नव्हतं.

पाइपलाइन लिहिताना मी तेच केलं. खिडकीवर तीनदा विचारायचं. तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, तर मागच्या मिनिटाचा भाव पुन्हा लिहायचा आणि उलाढाल शून्य टाकायची. चार ओळींचा कोड. लिहिताना मी विचारही केला नाही. बाकीच्या दोन हजार ओळींवर विचार केला, या चारांवर नाही.

आता अंगदचं. तो पाथरी ते सेलू स्वतःची जीप चालवायचा. जीप जुनी झाली, वरचेवर बंद पडायला लागली, म्हणून विकली. नवी घ्यायला पाच-सहा महिने लागणार होते. तेवढ्या काळासाठी मित्राच्या नादाने त्याने जीपचे पैसे क्रिप्टोत टाकले. मी दोनदा सांगितलं, बँकेत ठेव. त्याने ऐकलं नाही. मग मी म्हणालो, निदान अलर्ट तरी लाव. पातळी मीच लावून दिली.

"भाव पडला तर कळंल ना मला?" त्याने विचारलं होतं.

"एक मिनिट चुकत नाही आमच्याकडे. अकरा आठवडे झाले."

"मग झालं. तुमी बसिवलंय म्हणल्यावर मी कशाला दिसभर फोनात डोकं घालू?"

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भाव घसरायला लागला. जगभरचे लोक एकदम एक्स्चेंजवर धावले. खिडकीवर एवढी गर्दी झाली, की माझ्या प्रोग्रामला उत्तर मिळेना. त्याने तीनदा विचारलं आणि अकरा सहाचा भाव अकरा सातला लिहिला. मग अकरा आठला. असा पस्तीस वेळा. अकरा बेचाळीसला खिडकी उघडली, खरा भाव तक्त्यात आला, तो पातळीच्या कितीतरी खाली होता. तेव्हा अंगदला मेसेज गेला. त्याने अकरा बावन्नला विकलं. भाव जवळजवळ तळाला होता तेव्हा. संध्याकाळपर्यंत पडलेला बराचसा भाव परत चढला, पण अंगदकडे तोवर विकायला आणि ठेवायला काही नव्हतं.

खिडकीच बंद होती, तर मी काय करणार होतो, असं कोणी विचारील. मीही स्वतःला तेच विचारलं आणि थोडा वेळ बरं वाटलं. मग आठवलं. केतनने सुरुवातीलाच एक राखणदार मागितला होता: तक्त्यात पाच मिनिटं भाव आला नाही, तर सगळ्या ग्राहकांना मेसेज जायला हवा, "भाव मिळत नाही, स्वतः पाहा." तो राखणदारही मीच लिहिला होता. पण त्याला रिकामी जागा दिसली तरच तो ओरडणार. मी रिकामी जागा ठेवलीच नव्हती. अकरा आठवड्यांत तो एकदाही बोलला नाही, याचा मला अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजकडून त्या पस्तीस मिनिटांचे सौदे उतरवून घेतले. हे नंतर मिळतात. प्रत्येक मिनिटाला सौदे झाले होते, रोजच्या कितीतरी पट. लोक विकत होते, म्हणजे विकता येत होतं. अंगदची पातळी अकरा सोळाला तुटली होती. राखणदाराचा मेसेज अकरा बाराला गेला असता. चार मिनिटं हातात होती.

केतनला मी सगळं फोनवर सांगितलं. 

"काका, एक्स्चेंजचं एपीआय डाऊन होतं, हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग रिपोर्टमध्ये तेवढंच लिहू. खोटं काहीच नाही त्यात. ग्राहकांना एवढ्या खोलात कशाला न्यायचं?"

"राखणदाराचा मेसेज का गेला नाही, असं विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे? त्यांना माहीत तरी आहे का, तो आहे म्हणून?"

"मला माहीत आहे."

"काका, तुम्ही हे लिहिलंत, तर मला सर्व्हिस बंद करावी लागेल. तुमचंही काम जाईल."

मी रिपोर्ट लिहिला. दोन पानं. चार ओळींचा कोड जसाच्या तसा लावला आणि त्याखाली माझं नाव टाकलं. केतनने तो ग्राहकांना पाठवला, एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. महिनाअखेरीला सेवा बंद झाली. मला शेवटचा मेल आला, त्यात आभार मानले होते.

घरी बायकोला सांगितलं. सुनंदा भाजी निवडत होती. अंगद तिचा धाकटा भाऊ. तिने हातातली काडी खाली ठेवली.

"त्याला वाटायलंय, नशिबानं गेलं," ती म्हणाली. "तसंच वाटू द्या की."

"रिपोर्ट त्यालाही गेलाय."

"तो कुठला इंग्रजी रिपोर्ट वाचतोय?" मग काडी पुन्हा उचलून म्हणाली, "जा. सांगा. पण मला संगं नेऊ नका."

पाथरीच्या स्टँडवर अंगद एक जीप धूत होता. जीप दुसऱ्याची होती, तो आता पगारावर चालवत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्याने फडकं पिळलं.

"म्हंजी मशीनला भाव मिळंना झालता?"

"हो."

"आन् तुमी जुना लिवला."

"मी नाही, प्रोग्रामने. पण प्रोग्राम माझाच."

"मी तवा हाटेलात बसलो व्हतो, दाजी. फोन हातात व्हता. रिकामाच व्हतो." तो टायर धुवायला लागला. मग वर न बघता म्हणाला, "भाव कळंना, एवढं जरी कळविलं असतं ना, तरी लय झालं असतं."

मी म्हणालो, "तेच चुकलं."

"बरं. ऊन व्हायच्या आत निघा."

त्यानंतर मी सगळ्या जुन्या कामांमधून तो कोड काढला. आता भाव मिळाला नाही तर माझा तक्ता रिकामा राहतो, आणि का रिकामा राहिला ते शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असतं. नवे ग्राहक तक्रार करतात, तक्ता भोकंभोकं दिसतो म्हणतात. मी त्यांना सांगतो, मोंढा बंद असला की भाव नसतो आणि मोंढ्यात चेंगराचेंगरी झाली तरी भाव कळत नाही. या दोन रिकाम्या जागा वेगळ्या आहेत. मला ते बावन्नाव्या वर्षी कळलं.

मागच्या महिन्यात पाथरीला जायचं होतं. सेलूच्या स्टँडवर अंगद चालवतो तीच जीप लागलेली. पूर्वी मी दिसलो की पुढच्या सीटवरच्या माणसाला तो उठवायचा, "दाजी आलेत, मागं व्हा." या वेळी पुढची सीट मोकळी होती. मी दाराला हात लावला.

"मागं बसा दाजी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "म्होरं कुणी आलं तर बसंल."

मी मागे बसलो. पाथरीपर्यंत पुढे कोणी बसलं नाही.